पैसे घेऊन मालिश करायची तर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आईच्या गुडघ्याला तेल चोळून देणं आणि अनोळखी बाईंकडून तासाचे पैसे घेऊन त्यांची मालिश करणं, ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. आईला कुठे दुखतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, मागच्या वर्षी कसलं ऑपरेशन झालं, हे सगळं तुम्हाला घरात राहून ठाऊक असतं. टेबलावर झोपलेल्या बाईंबद्दल मात्र काहीच ठाऊक नसतं. म्हणून या धंद्यात हात कसा फिरवायचा हे नंतर येतं. कुणाला, कुठे आणि कधी हात लावायचा नाही, हे आधी शिकायला लागतं.

मी पुण्यात घरोघरी जाऊन बायकांची मालिश करते आणि या कामात येऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवते. खाली लिहिलंय ते तेलाच्या, पूर्ण अंगाच्या, तासाभराच्या मालिशेबद्दल. बाळ-बाळंतिणीची मालिश हा निराळा विषय आहे, आणि तालमीत पैलवानांना रगडतात तो तर त्याहून निराळा. त्यात इथे शिरत नाही.

शिकायचं कुठे

व्हिडिओ बघून क्रम पाठ होतो, दाब कळत नाही. दाब कळायला कुणीतरी तुमच्या पाठीवर हात ठेवून दाखवावा लागतो, आणि तुमचा हात स्वतःच्या पाठीवर घेऊन सांगावं लागतं की इथे जास्त होतोय, इथे पोचतच नाही. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या मान्यतेचे स्पा थेरपिस्टचे कोर्स मिळतात. आयुर्वेदाकडे ओढा असेल तर पंचकर्म तंत्रज्ञाचे कोर्स आहेत. प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: रोज प्रत्यक्ष माणसावर किती वेळ काम करायला मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.

कोर्स झाल्यावर नातेवाइकांवर सराव करा, पण सगळ्या आकारांच्या आणि वयांच्या माणसांवर. सडपातळ मैत्रिणीवर शिकलेला हात नव्वद किलोच्या काकूंवर तोकडा पडतो आणि सत्तरीतल्या आजींवर जड होतो.

हात लावण्याआधी विचारायचं ते

पहिल्या भेटीत दहा मिनिटं फक्त विचारपूस. छापील फॉर्म असेल तर उत्तम. वहीतलं एक पानही चालतं, पण लिहून घ्यायचंच. "काही त्रास नाही ना?" असा ढोबळ प्रश्न विचारला की माणसं "नाही नाही, सगळं ठीक आहे" म्हणतात आणि दहाव्या मिनिटाला सांगतात की मार्चमध्ये अँजिओप्लास्टी झाली. नेमकं विचारा. रोज कोणत्या गोळ्या घेता? गेल्या सहा महिन्यांत ऑपरेशन, फ्रॅक्चर, प्लास्टर? रक्त पातळ करायची गोळी? शुगर? बीपी, आणि ते ताब्यात आहे का? पाळी चुकली आहे का, दिवस गेलेत का? कशाची अ‍ॅलर्जी? जेवून किती वेळ झाला?

यातली काही उत्तरं ऐकून तेलाची बाटली परत पिशवीत टाकायची. ताप असेल तर मालिश नाही. अंगभर पुरळ, खरूज, पसरलेला नायटा असेल तर नाही. त्यांच्यासाठीही आणि तुमच्या पुढच्या क्लायंटसाठीही. भरपेट जेवण झालं असेल तर दीड-दोन तास थांबा. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मालिश, करा असं सांगितलं आणि लगेच पुढे कुणी करू नये तेही सांगितलं: कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. पहिला भाग सगळ्या जाहिरातींत असतो, दुसरा कुठेच नसतो.

पोटरीबद्दल जरा थांबून सांगते, कारण नवी मुलगी नेमकी इथेच फसू शकते. बाई म्हणतात, "एका पोटरीत फार दुखतंय, तिथे जास्त वेळ द्या." तुम्ही पाहता तर ती पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, हाताला गरम लागते, कदाचित लालसर. अलीकडे लांबचा विमानप्रवास झालाय, किंवा पाय प्लास्टरमध्ये होता, किंवा ऑपरेशननंतर बरेच दिवस अंथरुणात होत्या. ही आखडलेली पोटरी नसून खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. अशा पायाला हात लावायचा नाही, आणि त्या दिवशी बाकीच्या अंगाचीही मालिश करायची नाही. "आज डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका," एवढं स्पष्ट सांगायचं. बाई रुसल्या तरी चालेल.

कंबरदुखीतही असंच. उसण भरणं, कंबर धरणं हे आपल्या ओळखीचं. पण कंबरेसोबत बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल किंवा पायातली ताकद गेली असेल, तर तो मालिशेचा विषय नाही, थेट हॉस्पिटल. छाती, डावा हात किंवा जबडा दुखून घाम सुटला असेल तर "खांद्यात वात शिरलाय" हे निदान तुमचं नाही आणि त्यांच्या शेजारणीचंही नाही.

काही ठिकाणी पूर्ण नकार नसतो, हात बदलायचा असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खोल दाब नको, साध्या दाबानेही निळे डाग उठतात. पायावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा दिसत असतील तर त्यांच्यावर अंगठा चालवायचा नाही. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या बरगड्यांवर आणि पाठीवर वजन टाकायचं नाही, फक्त तळहात फिरवायचा. शुगर जुनी असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. गरम पोटली किंवा शेक लावताना "गरम लागतंय का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतील आणि कातडी मात्र भाजेल. अशा पायाला शेक नाहीच, आणि तेल लावण्याआधी तळव्यावर, बोटांच्या बेचक्यात एखादी जखम नाही ना ते बघायचं. त्यांना स्वतःला ती ठाऊक नसण्याची शक्यता बरीच असते. कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा ऑपरेशन ताजं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नाही. गरोदरपणाची मालिश कुशीवर झोपवून करतात आणि तिचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलेलं नसेल तर सरळ सांगा की मला येत नाही.

टेबल, तेल, चादरी

घडीचं टेबल महाग वाटतं, पण पहिली कमाई त्यावरच घाला. उंची ठरवायची सोपी रीत: टेबलाशेजारी ताठ उभं राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं टेबलाच्या पृष्ठभागाला टेकली पाहिजेत. क्लायंट अंगाने जाड असतील तर एक घर खाली घ्या. टेबल उंच राहिलं की खांदे वर चढतात आणि तुम्ही दंडाच्या ताकदीवर काम करू लागता. बुटकं राहिलं तर संध्याकाळी तुम्हालाच मालिश लागते. रुंदी सत्तर-पंच्याहत्तर सेंटीमीटर पुरे. विकत घेताना किती किलो वजन पेलतं ते विचारा आणि दुकानातच त्यावर गुडघा टेकवून हलवून बघा, करकर आवाज आला तर दुसरं दाखवायला सांगा.

दुचाकीवर टेबल नेणं जिकिरीचं असतं, त्यामुळे पुष्कळजणी क्लायंटच्या पलंगावरच काम करतात. पलंगाची गादी तुमचा निम्मा दाब गिळून टाकते आणि एका बाजूने वाकून तुमची कंबर जाते. टेबल नसेल तर खाली सतरंजीवर जाड गादी घाला आणि स्वतःच्या गुडघ्याखाली उशी घ्या. ते पलंगापेक्षा केव्हाही बरं.

तेल शक्यतो तिळाचं. लाकडी घाण्याचं मिळालं तर छान, पण ताजं हवं. खवट वास आला की फेका. उन्हाळ्यात आणि अंगाची आग होणाऱ्यांना खोबरेल बरं वाटतं. मोहरीचं तेल काहींच्या कातडीला झोंबतं, मागितल्याशिवाय वापरू नका. बदाम किंवा शेंगदाणा तेल असेल तर अ‍ॅलर्जी आधी विचारा, आणि कोणतंही तेल पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. पूर्ण अंगाला साधारण ४० ते ६० मिली लागतं; कातडी कोरडी असेल तर त्याहून जास्त. गॅसवर थेट गरम करू नका. गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवा, आणि क्लायंटला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तेल नेहमी आधी आपल्या तळहातावर घ्यायचं, मग अंगावर. वरून धार सोडली की अंग दचकून आखडतं आणि सैल करायला पुन्हा पाच मिनिटं जातात.

चादरी दोन, एक खाली, एक पांघरायला. मोठा टॉवेल एक, नॅपकिन दोन-तीन, आणि वापरून टाकायच्या अंतर्वस्त्रांचं पाकीट. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं, हा नियम बाई कितीही मोकळ्या स्वभावाच्या असल्या तरी बदलत नाही. कपडे किती काढायचे ते त्यांनी ठरवायचं. तुम्ही खोलीबाहेर थांबायचं आणि आत येताना दारावर टकटक करायची. स्वतःच्याच घरात कोण टकटक करतं, असं त्या हसून म्हणतील. तरीही करा.

तुमची नखं बोटाच्या टोकाच्या आत हवीत. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. केस बांधलेले. हात कोपरापर्यंत धुवायचे, आधी आणि नंतर, आणि आधीचं धुणं त्यांना दिसेल असं.

उभं राहायचं कसं

या व्यवसायातून बायका लवकर बाहेर पडतात त्याचं मोठं कारण म्हणजे अंगठा आणि मनगट. दिवसाला चार-पाच मालिशी अंगठ्याच्या जोरावर केल्या की काही वर्षांत अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं आणि मग भाजी चिरतानाही कळ येते. उपाय एकच आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून लावून घ्यावा लागतो: जोर लावायचा नाही, वजन टाकायचं.

एक पाय पुढे, एक मागे. पुढचा गुडघा किंचित वाकलेला. हात कोपरात जवळपास सरळ, मनगट मोडलेलं नाही. आता मागच्या पायावरून पुढच्या पायावर हळूहळू कला. तुमचं वजन आपोआप तळहातातून समोरच्या अंगात उतरतं. खांदे काहीच करत नाहीत. खोल दाब हवा असेल तर अंगठा नाही, कोपर ते मनगट यांमधली मऊ बाजू किंवा कोपर वापरा. कोपराच्या टोकाने नव्हे, त्याच्या किंचित अलीकडच्या भागाने. अंगठा वापरायचाच असेल तर त्याच्यावर दुसऱ्या हाताचा आधार द्या आणि तो बोटांच्या रेषेत ठेवा, बाहेर फाकलेला नको. भिंतीला तळहात लावून हे कलणं दहा-दहा मिनिटं घोटलं की टेबलाजवळ वेगळा विचार करावा लागत नाही.

तासाचा हिशोब

साठ मिनिटं मी साधारण अशी वाटते: पाठ आणि खांदे २०, पालथं असतानाच दोन्ही पाय मिळून १२, मग उताणं झाल्यावर पाय पुढून १०, हात ८, मान-डोकं १०. पोट कुणी मुद्दाम सांगितलं तरच, हलक्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. नव्या मुली पाठीवर रमतात आणि मग घड्याळ बघून हात-डोकं पाच मिनिटांत उरकतात. क्लायंटला ते लगेच कळतं, बोलून दाखवतीलच असं नाही. म्हणून घड्याळ तुमच्या नजरेला दिसेल असं ठेवा, त्यांच्या नाही.

हाताच्या हालचाली मुळात पाच: लांब फिरवणं, मळणं, एका जागी घासणं, थापटणं आणि कंप देणं. स्पामध्ये त्यांची फ्रेंच नावं ऐकाल आणि प्रकाराला स्वीडिश मसाज म्हणतात. ही वर्गवारी केली ती १९व्या शतकातल्या योहान गेओर्ग मेझगर या डच डॉक्टराने, आणि नाव मात्र स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांचं झालं. आपल्याकडच्या अभ्यंगात या हालचाली थोड्या वेगळ्या क्रमाने येतात: लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल. मी दोन्हीचं मिश्रण करते. शुद्धतेच्या आग्रहाने क्लायंटची पाठ सुटत नाही.

पाठ नीट सांगते, बाकी अंगाला तीच तत्त्वं लागतात.

बाई पालथ्या. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे कंबरेवरचा ताण जातो. चादर कंबरेपर्यंत खाली. तेल लावण्याआधी चादरीवरूनच दोन्ही हात पाठीवर ठेवा आणि त्यांचे दोन-तीन श्वास जाऊ द्या. श्वास उथळ आहे की खोल, खांदे कानाकडे चढलेत का, हे तेवढ्यात कळतं.

मग तेल घेऊन दोन्ही तळहात कंबरेवर, मणक्याच्या दोन बाजूंना. मणक्यावर नाही, हाडावर दाब कधीच नाही. शरीर पुढे कलवत हात मानेच्या मुळापर्यंत न्या, खांद्यांवरून बाहेर वळवा आणि बाजूंनी हलकेच परत आणा. वर जाताना वजन, खाली येताना फक्त स्पर्श. एक फेरी त्यांच्या एका संथ श्वासाएवढी. नवा हात याच्या दुप्पट वेगाने चालतो, तेव्हा मनात मोजा. अशा पाच-सहा फेऱ्यांत तेल पसरतं, कातडी गरम होते, आणि कुठे घट्ट लागतंय त्याचा नकाशा तुमच्या तळव्याला मिळतो. एका हाताचा स्पर्श अंगावर कायम हवा. दोन्ही हात एकदम उचलले की डोळे मिटलेल्या माणसाला वाटतं, संपलं की काय.

त्यानंतर मळणं. समोरच्या बाजूची कंबर, बरगड्यांची कड, खांद्याचा मांसल भाग, एका हाताने उचलून दुसऱ्या हातात द्यायचा. चिमटा बसता कामा नये. बोटांची टोकं नव्हे, पूर्ण पंजा. शेवटच्या बरगडीच्या खाली, मणक्याच्या दोन बाजूंना मूत्रपिंडं असतात, तिथे थापटायचं नाही.

मग येतो खांद्याच्या पात्याचा वरचा आतला कोपरा. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या जवळपास प्रत्येकीचं दुखणं इथे सापडतं. त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून खाली सैल सोडा, म्हणजे पातं मणक्यापासून जरा सरकतं. कोपऱ्याशी अंगठ्याखाली सुपारीएवढं काहीतरी घट्ट लागेल आणि बाई म्हणतील, "हां! तिथेच! दाबा अजून!" इथे तुमची परीक्षा आहे. आधारासह दाब हळूहळू वाढवा, त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर थांबा, आठ-दहा सेकंद तसाच ठेवा, तितक्याच हळू सोडा. दोन-तीनदा, बस. मागणी आहे म्हणून दहा मिनिटं तिथेच खणत बसलात तर दुसऱ्या दिवशी काळानिळा डाग आणि फोन. खरं तर हे दुखणं त्या कोपऱ्यापुरतं नसतंच. तिथला स्नायू मानेच्या मणक्यांपासून येतो, आणि दिवसभर पुढे झुकून छातीचे स्नायू आखडलेले असतात. म्हणून मानेच्या मागच्या बाजू वरून खाली चोळा, आणि उताण्या झाल्यावर गळपट्टीच्या हाडाखाली खांद्याच्या दिशेने हलका तळहात फिरवा. कोपरा यानेच जास्त सुटतो. मानेच्या पुढच्या भागाला, गळ्याला, हात लावायचा नाही. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात.

पायांवर दाब नेहमी खालून वर, हृदयाच्या दिशेने, कारण शिरांमधल्या झडपा त्याच दिशेने उघडतात. गुडघ्याच्या मागची खळगी, जांघ आणि काख इथे दाब नाही, हात नुसता वरून निघून जाऊ दे. पोटरीत गोळा आला तर चोळायची घाई करू नका. पाऊल नडगीकडे वळवून धरा, गोळा उतरतो. तळपायांना घाईत सोडू नका. डोकं, कान आणि तळपाय यांना तेल विशेष करून लावा, असं वाग्भटांनीही सांगितलंय, आणि मला तळपायावर दिलेल्या चार मिनिटांची जेवढी दाद मिळते तेवढी पाठीवरच्या वीस मिनिटांची मिळत नाही.

दाब किती

सुरुवातीलाच सांगा: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, मला पाच-सहाच्या वर जायचं नाही. मग अधूनमधून एका शब्दात विचारा, "आकडा?" पण तोंडापेक्षा अंग खरं बोलतं. श्वास रोखला गेला, पायाची बोटं आकसली, मूठ वळली, कुल्ले घट्ट झाले, तर त्या "चालेल, चालेल" म्हणाल्या तरी दाब जास्त आहे. आपल्याकडे दुखलं नाही तर पैसे वसूल झाले नाहीत अशी समजूत आहे. आखडलेला स्नायू दुखवला की तो अजून आखडतो, हे एकदा समजावून सांगा. पुढच्या वेळी त्याच हळू दाब मागतात.

उठवताना

हा भाग कुणी शिकवत नाही आणि पडझड याच वेळी होते. तासभर झोपून एकदम उठलं की बीपी खाली येऊन चक्कर येते. आधी कुशीवर वळवा, मग बसवा, पाय खाली सोडून मिनिटभर बसू द्या, कोमट पाणी द्या. आणि उतरण्याआधी दोन्ही तळवे कोरड्या नॅपकिनने घासून पुसा, बोटांच्या मधलंसुद्धा. तेलकट पाय आणि बाथरूमची टाइल यांनी माकडहाडं मोडलेली आहेत. आजी असतील तर न्हाणीपर्यंत हात धरून जा आणि घरातल्या कुणाला तरी दाराशी थांबायला सांगा.

बोलायचं काय

त्या बोलल्या तर ऐका, त्या गप्प तर तुम्ही गप्प. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली की तुमचा धंदा त्या सोसायटीपुरता संपला.

मालिशेबद्दल नको ते बोलू नका. "पोट कमी होईल का हो?" असं हमखास विचारतात. होत नाही, तसं सांगा. मालिशेने शरीरातले विषारी पदार्थ निघून जातात, व्यायामानंतरचं लॅक्टिक अ‍ॅसिड निचरतं, वगैरे जाहिरातींतली वाक्यं उचलू नका. लॅक्टिक अ‍ॅसिड व्यायामानंतर तासाभरात आपोआपच जातं. झोप बरी लागते, अंग हलकं वाटतं, ताण कमी होतो, आखडलेपणा काही काळ सुटतो, एवढं खरं आहे आणि लोक त्यासाठी आनंदाने पैसे देतात. "नस चढली" ती बसवून देते म्हणून मान किंवा कंबर कडाडकन मोडणं तुमचं काम नाही. नावापुढे फिजिओथेरपिस्ट किंवा वैद्य लावायचं तर त्याची पदवी आणि नोंदणी लागते.

घरी जाताना, आणि पैसे

नवा क्लायंट नेहमी कुणाच्या तरी ओळखीतून घ्या. फोनवर आधी बोला, पत्ता आणि वेळ घरच्यांना पाठवा, लोकेशन चालू ठेवा. मी फक्त बायकांचं काम घेते आणि ते फोनवरच सांगते. पुरुष क्लायंट घेणाऱ्या थेरपिस्टनी ते सेंटरवर, इतर माणसं असताना घ्यावेत, असं माझं मत. "एक्स्ट्रा काही करता का?" असा प्रश्न फोनवर आला तर एका शब्दात नाही आणि नंबर ब्लॉक. टेबलावर आला तर तिथेच हात थांबवायचा, हात पुसायचे आणि निघायचं. अर्ध्या तासाचे पैसे बुडाले तर बुडू द्या. उलट बाजूही आहे: क्लायंटला तुमचा स्पर्श कुठेही खटकला तर कारण न देता थांबवायचा हक्क त्यांना आहे, हे पहिल्याच दिवशी तुम्ही स्वतः सांगितलं पाहिजे.

दर ठरवताना फक्त तो तास मोजू नका. जाणं-येणं, टेबल उघडणं-मिटणं, तेल, धुणं मिळून एका मालिशेचे दोन तास होतात. परिसरातल्या दोन-तीन जणींचे दर विचारा आणि त्यांच्या खाली जाऊन सुरुवात करू नका, नंतर वाढवता येत नाहीत. पॅकेज द्यायचं तर आगाऊ पैसे घेऊन चार सिटिंगचं द्या, दहाचं नको. लोकांचं येणं बंद होतं आणि परताव्यावरून वाद होतात. सकाळची वेळ ऐन वेळी रद्द केली तर निम्मे पैसे, हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा. स्वतःची जागा थाटलीत तर शॉप अ‍ॅक्टखाली, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली, सरकारला कळवावं लागतं. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना पुरते.

प्रत्येक भेटीनंतर वहीत दोन ओळी: काय केलं, कुठे घट्ट होतं, कोणतं तेल, काय चाललं नाही. दुसऱ्या वेळी गेल्यावर "मागच्या वेळी उजवा खांदा जास्त होता ना?" असं विचारलंत की तिसरी वेळ तिथेच पक्की होते.

तेलकट कपड्यांचं

चादरी त्याच दिवशी धुवा. आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, मग साबण. थंड पाण्यात मशीनला टाकल्या की तेल निघत नाही, आठवड्याभरात खवट वास धरतो आणि पुढच्या बाईंना तो पहिल्या मिनिटाला येतो. ड्रायर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: तेलाचा अंश राहिलेले टॉवेल ड्रायरमधून गरम गरम काढून ढीग करून ठेवले तर ते आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात. झटकून, पसरून, पूर्ण गार झाल्यावरच घडी घाला. उन्हात वाळवत असाल तर हा प्रश्न नाही. पावसाळ्यासाठी मात्र चादरींचे निदान सहा जोड हवेत.